विंचरताना लागलेला दात

शिह त्झू हा चीनच्या राजवाड्यात लाडावलेला छोटा कुत्रा आता मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये सर्रास दिसतो. त्याचे केस माणसाच्या केसांसारखे वाढतच राहतात. रोज विंचरले नाहीत तर कानामागे, काखेत गुंता होतो आणि त्याखालची कातडी ओलसर राहून चिघळते. तिथे कंगवा ओढला की गरीब स्वभावाचा कुत्राही हाताला दात लावतो.

घोडे अडते ते इथे. ‘घरचाच आहे, मुद्दाम थोडाच चावला,’ म्हणून हळद दाबून विषय संपवला जातो. दर महिन्याला ग्रूमिंगवर खर्च करणाऱ्या घरातही लसीच्या कार्डावरची तारीख कधीच उलटून गेलेली असते. कारण काय, तर तो बाहेर जातोच कुठे! सोसायटीच्या आवारातला फेरफटका मग कशात धरायचा?

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून रक्त न आलेला ओरखडासुद्धा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून लस सुरू करावी. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. कुत्र्यावर १० दिवस लक्ष जरूर ठेवावे, पण तोवर लस थांबवू नये.

गुंता घट्ट बसला असेल तर ओढू नये, घरची कात्रीही चालवू नये. कातडी कापली जाते. जाणकाराकडून मशीनने काढून घ्यावा. जाताना लसीचे कार्डही सोबत न्यावे.