कुत्रा मुलासाठी आणू नका

मुलाच्या वाढदिवसाला कुत्र्याचं पिल्लू भेट देणाऱ्या आईबापांचा मला संताप येतो. कुत्रा दहा-बारा वर्षं जगणार आणि मुलगा चार वर्षांत क्लासला जुंपला जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तरी आणतात. मग त्याचं खाणं, फिरणं, लसी, हगणंमुतणं कुणी बघायचं हे घरात कधीच ठरत नाही. बाबा म्हणतात पोराचा हट्ट होता, आई म्हणते मी नकोच म्हणत होते, आणि सगळं येऊन पडतं गुडघेदुखीनं बेजार झालेल्या आजीवर.

आणि आणतात काय, तर हस्की. तोही नागपुरात, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. सायबेरियातल्या चुक्ची लोकांनी बर्फावरच्या गाड्या ओढण्यासाठी घडवलेला हा कुत्रा. अंगावर केसांचे दोन थर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. हवाच तापली की धापाही पुऱ्या पडत नाहीत. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. ते १०६ च्या पुढे गेलं की मूत्रपिंड, आतडी, मेंदू निकामी व्हायला लागतात. पगचे हाल तर थंडीतही चुकत नाहीत. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग दिसला आणि लोकांनी तो घरोघर नेला. माणसानं हौसेपायी त्याचं नाक इतकं चपटं करून ठेवलंय की त्याला धड श्वास घेता येत नाही. त्याच्या घोरण्याचे व्हिडिओ काढून लोक नातेवाइकांना पाठवतात. अहो, जीव घुसमटतोय त्याचा! भर दुपारी त्याला डांबरी रस्त्यावर फिरवणाऱ्यांनी आधी स्वतःची चप्पल काढून पाय टेकवून बघावा.

पावसाळ्यात गोचीड वाढतात. गोचीड चावल्यावर एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात शिरतो आणि प्लेटलेट घसरू लागतात. कुत्रा जेवत नाही, कोपऱ्यात पडून राहतो; घरचे म्हणतात, ‘उकाड्यानं असेल.’ नाकातून रक्त आलं की मग दवाखान्याकडे धाव. वेळेत डॉक्सिसायक्लिन सुरू झालं तर बहुतेक कुत्रे वाचतात. पण गोळ्या साधारण चार आठवडे द्यायच्या असतात, आणि पाचव्या दिवशी कुत्रा शेपूट हलवायला लागला की आपली माणसं त्या बंद करतात. दुखणं उलटतं तेव्हा नशिबाला बोल लावतात. नशिबाचा इथे काही संबंध नाही. हा निव्वळ हलगर्जीपणा आहे.

असंच अंग गरम लागलं म्हणून घरातली आयबुप्रोफेनची गोळी देतात. तिनं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात. सत्यनारायणाचा शिरा बेदाण्यांसकट पुढ्यात ठेवतात. बेदाण्यांनीही मूत्रपिंडं जाऊ शकतात. ‘आमचा घराबाहेर जातच नाही’ म्हणून रेबीजची लस टाळणारे तर मला गुन्हेगारच वाटतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की कुत्रा वाचत नाही, आणि त्यानं चावलेल्या पोरात ती दिसली तर पोरही नाही.

विकणारे याहून वेगळे नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. तरीही डोळे नुकते उघडलेली पिल्लं आईपासून तोडून विकली जातात, आणि पार्व्होनं आठवड्याभरात रक्ताची हगवण लागून मरतात. ज्यांनी घेतलं ते त्याच पैशांत दुसरं पिल्लू मागतात.

आणि जगलेला कुत्रा नकोसा झाला की त्याला गाडीत घालून घाटात सोडून येतात. माणसाच्या हातचं खाऊन वाढलेला जीव तिथे उपाशी मरतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात याला पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे १० ते ५० रुपये. एवढ्यात कुत्र्याचा गळपट्टाही येत नाही. त्यामुळे कायद्याचा धाक कुणाला वाटेल, ही आशा मी सोडली आहे.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: आज संध्याकाळी त्याला जवळ घ्या. कानांच्या आत, पायांच्या बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. ओठ वर करून हिरड्या बघा. त्या पांढुरक्या दिसल्या तर उद्याची वाट पाहू नका.