हरण्याची रीत

कायदा आणि रीत यांत एक मोठा फरक आहे. कायदा मोडला तर शासन होतें. रीत मोडली तर प्रथम कांहींच होत नाहीं. मोडणाऱ्याचा लाभच होतो, पाहणारे चार दिवस कुरकुर करितात, आणि मग त्यांची दृष्टि सरावते. दहा वर्षांनीं मागें वळून पाहावें, तों अशी कांहीं रीत होती हेंच पुढच्या पिढीस समजावून सांगावें लागतें. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवडणुकींत गेल्या कांहीं वर्षांत हेंच घडत आलें आहे. म्हणून या महिन्यांत वाचकांपुढें तो विषय ठेवीत आहें.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ सालीं तयार झाली. तींत राजकीय पक्षांचें नांव नाहीं, आणि हरलेल्या उमेदवारानें कसें वागावें याविषयीं एक अक्षरहि नाहीं. १७९६ सालीं निरोप घेतांना जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं पक्षाभिमानाच्या विषापासून जपण्यास आपल्या देशबांधवांस बजावलें. पण त्यांच्या डोळ्यांदेखत दोन पक्षांचा पाया पडला होता. १८०० ची निवडणूक तर इतकी कडवट झाली कीं, पराभूत अध्यक्ष जॉन ॲडम्स हे टॉमस जेफर्सन यांच्या शपथविधीस थांबले नाहींत. ४ मार्च १८०१ रोजीं पहांटेच राजधानी सोडून निघाले. परंतु ते रुसून गेले तरी सत्ता सोडून गेले, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. एका पक्षाचें राज्य दुसऱ्याकडे गेलें, आणि त्यासाठीं रक्ताचा थेंबहि सांडला नाहीं.

पुढें या सत्तांतरास हळूहळू एक रीत येत गेली. १८९६ सालीं विल्यम जेनिंग्स ब्रायन हरले, तेव्हां त्यांनीं विजयी विल्यम मॅकिन्ले यांस अभिनंदनाची तार केली. ही तार कोणत्याहि कायद्यानें मागितली नव्हती; पण तेव्हांपासून तो पायंडा पडला. १९६० सालीं रिचर्ड निक्सन हे जॉन केनेडी यांच्याकडून हरले. पावणेसात कोटींहून अधिक मतांत अंतर सुमारें एक लाखाचें होतें. निक्सन त्या वेळीं उपाध्यक्ष होते, आणि काँग्रेसच्या संयुक्त बैठकींत निकाल जाहीर करण्याचें काम उपाध्यक्षाचेंच असतें. ६ जानेवारी १९६१ रोजीं त्यांनीं स्वतःचा पराभव स्वमुखानें जाहीर केला. याच निक्सन यांस पुढें १९७४ सालीं वॉटरगेट प्रकरणापायीं अध्यक्षपद सोडावें लागलें. म्हणजे ते कांहीं साधुपुरुष नव्हते. रीतीचें बळ तें हेंच. साधूला तिची गरजच नसते. सामान्य, महत्त्वाकांक्षी माणसाकडूनहि ती योग्य तें करवून घेते.

२००० सालची कसोटी याहून कठीण होती. फ्लॉरिडा राज्यांत सुमारें साठ लाख मतांत अंतर अवघें ५३७ मतांचें निघालें, आणि १२ डिसेंबर रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें फेरमोजणी थांबली. दुसऱ्याच दिवशीं अल गोर यांनीं, आपल्यास हा निर्णय पटत नाहीं पण मान्य आहे, असें सांगून पराभव स्वीकारला. 'पटत नाहीं, पण मान्य आहे' या चार-पांच शब्दांवर लोकशाहीची सगळी इमारत उभी आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

मग ही रीत ढिली झाली कोठें? माझ्या मतें प्रथम जिभेवर. १० ऑक्टोबर २००८ रोजीं मिनेसोटांतील लेकव्हिल येथील सभेंत एका बाईनें बराक ओबामा यांच्याविषयीं भलतासलता संशय बोलून दाखविला. जॉन मॅकेन यांनीं तिच्या हातांतून ध्वनिक्षेपक घेतला, आणि आपला प्रतिस्पर्धी हा सभ्य कुटुंबवत्सल गृहस्थ आहे, आपला त्याच्याशीं केवळ मतभेद आहे, असें स्वतःच्याच अनुयायांस बजावलें. आठच वर्षांनीं, २०१६ सालीं, त्याच रिपब्लिकन पक्षाच्या सभांतून हिलरी क्लिंटन यांस तुरुंगांत टाका अशा आरोळ्या उठूं लागल्या. आणि क्लिंटनबाईंनींहि प्रतिपक्षाच्या निम्म्या अनुयायांस एका शब्दानें निंद्य ठरविलें. उमेदवाराची निंदा एक वेळ विसरली जाते; मतदाराची निंदा घराघरांत जाऊन बसते. २९ सप्टेंबर २०२० रोजीं ट्रम्प व बायडन यांच्या वादसभेंत तर एकमेकांचें बोलणें ऐकूंच येईना, आणि पुढच्या वादसभेसाठीं आयोजकांस बोलणाऱ्याखेरीज दुसऱ्याचा ध्वनिक्षेपक कांहीं काळ बंद ठेवण्याची योजना करावी लागली. जें काम पूर्वीं शिष्टाचार करीत असे, तें आतां विजेच्या बटणाकडे आलें!

जिभेपाठोपाठ हात सैल सुटले. न्यायाधीशांच्या नेमणुकींची गोष्ट पाहावी. २०१३ सालीं डेमोक्रॅटिक पक्षानें सेनेटमधील जुना संकेत मोडून कनिष्ठ न्यायालयांच्या नेमणुका साध्या बहुमतानें करण्यास आरंभ केला. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयांतील रिकाम्या जागेवर ओबामा यांनीं मेरिक गारलंड यांचें नांव सुचविलें. परंतु निवडणुकीचें वर्ष आहे, या सबबीवर रिपब्लिकन सेनेटनें त्याचा विचारहि केला नाहीं. २०१७ सालीं त्यांनीं डेमोक्रॅटांचीच युक्ति सर्वोच्च न्यायालयास लागू केली. आणि २०२० सालीं, निवडणूक आठ दिवसांवर आली असतां, ५२ विरुद्ध ४८ मतांनीं एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक करून टाकली. तेव्हां निवडणुकीच्या वर्षाची आठवण कोणास झाली नाहीं. यांपैकीं एकहि कृत्य बेकायदा नव्हतें, आणि प्रत्येकाजवळ आधीच्याचा दाखला होता.

आमच्या महाभारताच्या वाचकांस ही कथा नवीन नाहीं. कुरुक्षेत्रावर शस्त्र चालण्यापूर्वीं दोन्ही पक्षांनीं नियम ठरविले होते: निःशस्त्रावर प्रहार करूं नये, पळणाऱ्यास मारूं नये. अभिमन्यूस अनेकांनीं मिळून मारिलें, आणि मग द्रोण, कर्ण, दुर्योधनाची मांडी अशी माळच लागली. रथाचें चाक भूमींत रुतलें तेव्हां कर्णास धर्म आठवला; अभिमन्यूच्या वेळीं तो धर्म कोठें होता, असें श्रीकृष्णानें त्यास विचारलें. उत्तर बिनतोड होतें. पण बिनतोड उत्तरांच्या त्या माळेचा शेवटचा मणि म्हणजे अश्वत्थाम्यानें झोंपलेल्या शिबिरावर घातलेला रात्रीचा घाला, हें विसरतां येत नाहीं.

अमेरिकेंत तो घाला ६ जानेवारी २०२१ रोजीं भर दुपारीं पडला. डोनाल्ड ट्रम्प यांनीं पराभव मानला नाहीं. साठांहून अधिक दावे लावले गेले व जवळजवळ सर्व फेटाळले गेले. तरी त्यांच्या अनुयायांचा जमाव निकाल जाहीर होत असतां काँग्रेसच्या इमारतींत घुसला. सुमारें १४० पोलीस जखमी झाले. उपाध्यक्ष माइक पेन्स यांनीं ट्रम्प यांचा आग्रह न मानतां त्याच रात्रीं मोजणी पुरी केली. २० जानेवारीच्या शपथविधीस मावळते अध्यक्ष हजर राहिले नाहींत. असें १८६९ नंतर घडलें नव्हतें. अखेर २०२२ सालीं, मोजणींत उपाध्यक्षाचें काम केवळ औपचारिक आहे, असा कायदा करावा लागला. रीत मोडली कीं कायदा येतो. दोनच मुदतींचा वॉशिंग्टन यांचा पायंडा फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं १९४० सालीं तिसऱ्यांदा निवडून येऊन मोडला, तेव्हां १९५१ सालीं घटनादुरुस्ति झाली होती. पण किती रीतींस असें कायद्याचें कुंपण घालणार?

येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. जुनी सभ्यता म्हणजे सर्वांस न्याय असें नव्हे. १८७६ च्या निवडणुकीचा तंटा १८७७ सालीं शांततेनें मिटला. पण दक्षिणेंतील लष्करी संरक्षण निघून गेलें, आणि पुढें कृष्णवर्णीयांचा मताधिकार तेथें जवळजवळ नाहींसा झाला. १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत ही स्थिति राहिली. दोन गौरवर्णीय पक्षांच्या गोडीगुलाबीची किंमत तिसऱ्यानें भरली. तेव्हां गोड बोलणें हीच मर्यादा असें समजूं नये. भांडण कडक असावें, हक्कासाठीं तर असावेंच. निकाल मात्र दोघांनींहि मानावा, एवढीच खरी रीत.

ती रीत अगदींच मेलेली नाहीं. १३ जुलै २०२४ रोजीं पेन्सिल्व्हेनियांतील बटलर येथें ट्रम्प यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हां बायडन यांनीं त्याच रात्रीं त्यांची विचारपूस केली. नोव्हेंबरांत कमला हॅरिस यांनीं पराभव दुसऱ्याच दिवशीं मान्य केला, आणि ६ जानेवारी २०२५ रोजीं निक्सन व गोर यांच्याप्रमाणेंच आपल्या पराभवाचा निकाल स्वतः जाहीर केला. पण त्याच सुमारास बायडन यांनीं पूर्वीं दिलेला शब्द मोडून स्वतःच्या मुलास माफी दिली. आणि ट्रम्प यांनीं पद घेतल्याच दिवशीं ६ जानेवारीच्या दंग्यांतील सुमारें दीड हजार लोकांस माफी दिली. दोन्ही कृत्यांचें वजन सारखें नाहीं. परंतु पहिल्यानें दुसऱ्याच्या समर्थकांस तोंड मिळालें, हें खरें.

या परक्या भांडणाशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. आतां तें तितकेंसें परकें राहिलें नाहीं. आपल्या कित्येक घरांतील मुलें-मुली तेथील नागरिक आहेत. बेळगांवकडचे श्री ठाणेदार २०२२ सालीं मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. एका वाचकभगिनीनें लिहिलें आहे कीं, त्यांचे दोन्ही मुलगे तेथें असून उमेदवारांवरून ते एकमेकांशीं बोलेनासे झाले आहेत. आपण कोणाची बाजू घ्यावी? माझें उत्तर असें कीं, कोणाचीच घेऊं नये; दोघांसहि एकच प्रश्न विचारावा: "तुझ्या पक्षानें जें केलें, तेंच उद्यां दुसऱ्या पक्षानें केलें तर तुला चालेल का?" दोघेहि मनाशीं उत्तर देतील आणि कदाचित् तोंडानें देणार नाहींत. तेवढ्यानेंहि पुष्कळ होतें. एका पंक्तीस बसून निरनिराळीं मतें बाळगणें हें एकत्र कुटुंबास कोणत्याहि कायद्यानें शिकविलेलें नाहीं. वडीलधाऱ्यांनीं वाद हरल्यावरहि पान टाकून उठूं नये, एवढें मुलांच्या दृष्टीस पडत गेलें, म्हणून तें टिकलें. देश झाला तरी त्यास याहून निराळें शिक्षण मिळत नाहीं.