खडाखडा वाचतो, पण उमगते का?



विहारातल्या आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एक ताई मुलाची चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन आल्या. मुलगा दहावीत. वडील चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार, ताई चार घरची धुणीभांडी करतात. त्यांनी एकच विचारले, "गुरुजी, पोरगं खडाखडा वाचतंय. मग मार्क जातात कुठं?"

मी पेपर पाहिला. उताऱ्याखालच्या एका प्रश्नाला मुलाने पाच ओळी जशाच्या तशा उतरवल्या होत्या. उत्तर त्या पाच ओळींतच होते, पण नेमके कोणत्या ओळीत, हे त्याला ठाऊक नव्हते. मी उतारा झाकला आणि म्हणालो, "यात काय सांगितलंय, तुझ्या शब्दांत सांग." मुलगा गप्प. ताईंच्या प्रश्नाचे उत्तर त्या गप्प राहण्यात होते. त्याने अक्षरे वाचली होती, अर्थ वाचला नव्हता.

हे गुण थोडे नाहीत. दहावीच्या मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका ८० गुणांची असते. त्यात गद्य विभागाला १८ गुण. पुस्तकातले दोन उतारे प्रत्येकी ७ गुणांचे आणि पुस्तकाबाहेरचा, म्हणजे अपठित उतारा ४ गुणांचा. सात गुणांपैकी ४ आकलनाचे आणि ३ स्वमताचे. अपठित उतारा पाठ करून येत नाही, गाईड त्यात कामाला येत नाही. पाचवीतल्या मुलांसाठी कन्नडच्या जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा असते. तिच्यातल्या भाषेच्या भागात चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न असतात. गणितातही तेच. उदाहरण नीट कळले नाही, तर पाढे पाठ असून उपयोग नाही.

आपल्या शहरात यासाठी फार दूर जायला नको. बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले. त्याला पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि परिसराला 'नागसेनवन'. राजा मिलिंद म्हणजे प्रश्न विचारणारा राजा. भिक्खू नागसेनांनी त्याला रथाचे उदाहरण दिले. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा नाही म्हणत गेला. सगळे भाग जागच्या जागी जुळतात तेव्हा आपण त्याला रथ म्हणतो. उताऱ्याचेही तसेच आहे. सुटा शब्द म्हणजे अर्थ नव्हे. वाक्य वाक्याला जोडले की अर्थ उभा राहतो.

आता करून पाहू. हा छोटा उतारा वाचा :

'पाणचक्कीला बैल लागत नव्हता. शहराबाहेरच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून खाली आणले होते. ते उंचावरून पडे आणि त्या जोरावर जाते फिरे. दर्ग्यातल्या फकिरांसाठी तिथे दळण होई. हौदाच्या खाली मोठे दालन आहे. डोक्यावर पाणी असल्याने ते उन्हाळ्यातही थंड राहते.'

पहिला प्रश्न : दळण कोणासाठी होई? उत्तर एका ओळीत सापडते : दर्ग्यातल्या फकिरांसाठी. इथे पाच ओळी उतरवायच्या नाहीत.

दुसरा प्रश्न : दालन थंड का राहते? इथे 'का' आला. कारण शोधायचे. 'असल्याने', 'म्हणून', 'त्यामुळे', 'कारण' हे शब्द दिसले की तिथे पेन्सिलीने खूण करा. कारण त्यांच्या आगेमागेच असते.

तिसरा प्रश्न : झरा पाणचक्कीपेक्षा उंचावर होता की सखल जागी? हे कुठेच सरळ लिहिलेले नाही. पण 'डोंगरातल्या' आणि 'खाली आणले' हे शब्द जोडा. झरा उंचावर होता. असे प्रश्न हुशार मुलांनाही चकवतात, कारण ती उत्तर शोधतात, जोडत नाहीत.

चौथा प्रश्न स्वमताचा : आज अशा चक्कीपासून आपण काय शिकावे? इथे मत तुमचे, पण आधार उताऱ्याचा. "पाणी वाचवावे" एवढे लिहून गुण मिळत नाहीत. बैल किंवा इंधन न लागता नुसत्या पाण्याच्या उतारावर काम झाले, हा मुद्दा घ्या आणि आपल्या घरचे किंवा वस्तीतले एक उदाहरण जोडा.

परीक्षेत पद्धत अशी ठेवा. आधी प्रश्न वाचा, मग उतारा. दुसऱ्या वाचनात उत्तराच्या ओळीखाली बारीक रेघ मारा. उत्तर लिहिण्याआधी स्वतःला विचारा, "हे कोणत्या ओळीवरून म्हणतोस?" ओळ दाखवता आली नाही, तर पुन्हा वाचा. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी मिळत असे. २०२३ पासून ती दहा मिनिटे पेपरच्या शेवटी दिली जातात. म्हणजे वाचनाचा वेळ आता मुलानेच राखून ठेवायचा आहे. घाईत वाचले की घाईत चुकते.

आता पालकांसाठी. त्या ताई म्हणाल्या, "मला तर सहीपुरतंच येतं, मी काय शिकवणार?" ताई, शिकवू नका, ऐका. भाकरी थापताना मुलाला शेजारी बसवा. पेपरातली एखादी बातमी, याच साप्ताहिकातला एखादा लेख त्याने मोठ्याने वाचावा. मग पेपर मिटवून तुम्ही विचारा : कोण होतं? काय झालं? का झालं? मग पुढं काय? तुम्हाला समजेपर्यंत त्याने सांगावे. आईला समजावता आले, की मुलाला समजले. न समजता मान मात्र डोलावू नका.

ताईंनी हे घरी सुरू केले. तिसऱ्या रविवारी त्या हसत आल्या. "गुरुजी, काल मी चार वेळा 'का' म्हणलं. पोरगं चिडलं, पण परत वाचाय बसलं." मुलाचे गुण किती वाढतील ते पेपरात दिसेल. पण न समजता पुढे जायचे नाही, हे तो शिकला.

या आठवड्याचा अभ्यास : रोज एक उतारा, त्यावर मुलाने स्वतः तयार केलेले तीन प्रश्न, त्यातला एक 'का'चा. वेळ फक्त वीस मिनिटे. तेवढा वेळ टीव्ही आणि मोबाईल बंद.