भाडेकरूची परीक्षा

वधूपरीक्षेत मुलीला विचारीत नसतील इतके प्रश्न भाड्याने घर पाहायला गेलेल्या गृहस्थाला विचारले जातात. हातकणंगले हे तालुक्याचे गाव. तहसील कचेरी येथे, पंचायत समिती येथे, कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरचे स्टेशनही येथे. त्यामुळे बदलून आलेले मास्तर, तलाठी, नर्सबाई आणि शिरोलीच्या कारखान्यांत नोकरीला लागलेली पोरे यांची खोलीसाठी पायपीट चालूच असते. सोप्यावर बसलेले मालक विचारतात, "कुठलं गाव म्हणायचं, पाव्हणं? मंडळी कवा येणार?" पाहुणा आपला पगार सांगतो. मालक म्हणतात, "बघू की." या 'बघू'चा अर्थ सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे!

मालकाला पगाराची फारशी काळजी नसते. हा माणूस वेळेवर घर सोडील का, ही त्याची खरी धास्ती; आणि तेवढेच तो तोंडाने विचारीत नाही. या धास्तीला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने सामान्यतः १ सप्टेंबर १९४० चे भाडे हेच प्रमाण भाडे मानले. महागाई वाढली, भाडे तेथेच थबकले आणि भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहिले. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर त्या कायद्याने राखले, हे खरे; पण मालकवर्गाने जी हाय खाल्ली ती खाल्लीच. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रात नवा कायदा आला, तरी भीती जुनीच राहिली.

म्हणून पहिल्या भेटीतच आपण होऊन म्हणावे, "काका, लिव्ह अँड लायसेन्सचा करार रीतसर नोंदवू, निम्मा खर्च माझा." हा कायदा जेथे लागू आहे तेथे कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही जो घर सोडीत नाही, त्याच्याकडून मालकाला दुप्पट दराने भरपाई मागता येते. हे ऐकले की मालकाचा चेहरा निवळतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा मात्र भ्रम. कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. त्यात तुमचेही हित आहे. अनामत किती आणि ती परत केव्हा, हे कागदावर राहते.

बरोबर आधारची प्रत, कचेरीचे पत्र आणि मागच्या घरमालकांचा फोन नंबर न्यावा. पोलीस ठाण्यात द्यायची माहिती स्वतःच भरून द्यावी. माणसे किती राहणार, तो आकडा खरा सांगावा. दोघे म्हणून चौघे शिरले, की पुढच्या दहा होतकरूंचे दार बंद होते.

एवढे करूनही आडनाव ऐकताच काही दारे लागतात. त्यावर भाडेकरूपाशी औषध नाही. ते मालकापाशी आहे. मध्यरात्री घरात कुणाला कळ आली, तर ज्या नर्सबाईंना हाक मारायची, त्यांना खोली देताना मात्र जात आठवावी? मालकहो, यंदाच्या दिवाळीत रिकाम्या खोलीपुढे पणती लावाल, तेव्हा एवढा विचार करा. कागद कसून तपासा, करार पक्का करा. आडनाव तेवढे तपासू नका.