पहिला नंबर आणि आजोबांची छाती
स्वच्छ वायू सर्वेक्षणात ३ ते १० लाख लोकसंख्येच्या गटात अमरावतीने २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये देशात पहिला क्रमांक मिळवला. अभिनंदन मनापासून. पण या सर्वेक्षणातले गुण मुख्यतः उपाययोजनांचे असतात, आणि राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत अमरावती व अकोला दोन्ही आहेत.

थंडीतल्या पहाटे अमरावतीच्या छत्री तलावाकडे निघालेले आजोबा पाहा. कानाला मफलर, हातात काठी आणि वाटेत कुणीतरी पेटवलेला पाचोळ्याचा ढीग. गार हवेत तो धूर वर जात नाही, नाकाच्या उंचीवरच रेंगाळतो. त्यातले केसाच्या तिसाव्या भागाएवढे कण, म्हणजेच पीएम २.५, फुप्फुसातून रक्तात उतरतात, रक्तदाब वाढवतात, गुठळी व्हायला मदत करतात. आपण मात्र दम लागला की वयाला दोष देतो. आपल्याकडे पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४०, जागतिक आरोग्य संघटनेची ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. म्हणजे नियमात बसणारी हवाही म्हाताऱ्या हृदयाला निर्धोक नाही.

महापालिकेने पहाटेचा कोरडा झाडू आणि कचऱ्याची आग आधी थांबवावी. शेताच्या धुऱ्यावर पेटणाऱ्या पऱ्हाटीसाठी सरकारने गावोगावी कुट्टीयंत्र द्यावे. आणि हृदयरुग्णांनी हिवाळ्यात ऊन वर आल्यावरच फिरायला निघावे.