आधी मुखपृष्ठ की आधी वाचक?

परवा मैत्रिणीशी जोरदार वाद झाला. आम्हा दोघींना मुलींसाठी इंडी संगीताचं मासिक काढायचंय. तिच्याकडे मुखपृष्ठाचे तीन नमुनेही तयार! माझं म्हणणं, आधी वाचक शोधू. रिक्वायरमेंट न विचारता कोड लिहिला की काय होतं, ते आम्ही आयटीवाले रोज भोगतो.

अमेरिकेत फाबी रेनाने २०१२ साली पोर्टलंडहून 'शी श्रेड्स' काढलं, ते गिटार आणि बेस वाजवणाऱ्या बायकांसाठी. 'मुलींचं संगीत' असलं मोघम काही नाही. वाचक कोण, ते पक्कं ठाऊक. आपल्याकडचं 'रॉक स्ट्रीट जर्नल' १९९३ साली निघालं ते मुंबईहून नव्हे, अलाहाबादहून! म्हणजे वाचक कुठे असतील, हे पुण्यात बसून ठरवू नये.

म्हणून दोन महिने शनिवार-रविवार गिगला जायचं आणि मुलींना विचारायचं. पहिली गिटार कुणी घेऊन दिली? रात्री घरी कशा जाता? वाजवणं सोडलंत का?

शेवटचा प्रश्न माझाच आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी गिटार सोडली, कारण बँडमध्ये "तू फक्त गा" म्हणाले. तेव्हा असं मासिक हातात असतं तर?

असो. मुखपृष्ठ थांबेल. प्रश्न आधी.