संमतीवाचून मनाची परीक्षा



माणसाचे मन हे त्याचे स्वतःचे आहे, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्यासाठी लेखणी उचलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपण कराल. परंतु उघड म्हणून ज्या गोष्टींची राखण कोणी करीत नाही, त्याच प्रथम हातच्या जातात. याचे एक उदाहरण आपणांपुढे ठेवितो.

२०१२ सालच्या जानेवारीत फेसबुक कंपनीने एक आठवडाभर ६,८९,००३ माणसांवर एक प्रयोग केला. फेसबुक उघडले म्हणजे आप्तमित्रांच्या मजकुराची जी यादी समोर येते, ती यंत्रच निवडून लावीत असते. या प्रयोगात काहींच्या यादीतून आनंदाचे शब्द असलेला मजकूर कमी केला गेला, तर काहींच्या यादीतून दुःखाचे शब्द असलेला. नंतर ही माणसे स्वतः काय लिहितात, तेही यंत्रानेच मोजले. ज्यांच्यापुढे आनंद कमी आला, त्यांच्या लिहिण्यातून आनंदाचे शब्द घटले व दुःखाचे किंचित वाढले. दुसऱ्या बाजूस याच्या उलट घडले. प्रत्यक्ष भेट नसतानाही एकाची मनःस्थिती दुसऱ्यास लागते, हा निष्कर्ष जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

न्यायाने बोलावयाचे तर हा परिणाम फार लहान होता. हजार शब्दांमागे सुमारे एका शब्दाचा फरक. मग तक्रार कशाची? तक्रार परिणामाची नाही, संमतीची आहे. माणसावर प्रयोग करावयाचा तर त्याची स्वेच्छेची संमती हवी, हे तत्त्व १९४७ साली न्यूरेंबर्गच्या निकालात घालून दिले गेले. येथे त्या लाखो माणसांना कोणी विचारले? खाते उघडताना त्यांनी कंपनीच्या अटी मान्य केल्या होत्या, तीच संमती, असे संशोधकांनी लिहिले! कॉर्नेल विद्यापीठाच्या तपासणी मंडळाने, आपल्या संशोधकांच्या हाती केवळ निष्कर्ष आले असल्याने, तपासणीची गरज मानली नाही. अखेर त्या नियतकालिकालाच जुलै २०१४ मध्ये, संमतीचे तत्त्व पुरतेपणी पाळले गेले नसावे, अशी चिंता छापावी लागली.

कोणी म्हणेल, दुकानदारही माल मांडताना गिऱ्हाइकाचे मन ओढतोच. खरे आहे; परंतु दुकान दुकानासारखे दिसते व आत जाणारा सावध असतो. येथे माणसाला वाटते की आपण भावाची खुशाली वाचीत आहोत. त्या खुशालीतील कोणती ओळ पुढे यावी व कोणती मागे राहावी, हे तिसराच कोणी ठरवितो आणि त्याचा पत्ता त्याला लागत नाही.

म्हणून असले संशोधन बंद करावे काय? मुळीच नाही. यंत्र मनावर काय करिते हे जगाला कळलेच पाहिजे. नाही तर प्रयोग चालूच राहतील, फक्त त्यांचे निष्कर्ष कंपनीच्या कपाटात राहतील. मागणी इतकीच की आधी विचारावे, नको म्हणणाऱ्यास वगळावे, नंतर कळवावे आणि तपासणी बाहेरच्या माणसांकडून व्हावी. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीने अशा संशोधनासाठी तपासणीची नवी व्यवस्था जाहीर केली; परंतु ती कंपनीच्या घरातील होती. आरोपीच्या घरी न्यायासन मांडून न्याय होतो काय?

आपल्या देशात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे. पण न्यायालयाने दिलेला हक्क आपण न वाचता ‘मान्य’ या बटणावर बोट ठेवून परत करणार असू, तर दोष कोणाला द्यावा? ‘तुमची संमती आहे काय?’ हा प्रश्न ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या कोणी विचारलाच नाही, त्यांना त्याचे मोल सांगावयास नको.

तेव्हा आज रात्री घरातील मुलगा किंवा मुलगी फोन घेऊन बसेल, तेव्हा रागावू नका, फोन हिसकावू नका. शेजारी बसा आणि एवढेच विचारा: ‘बाळ, ही यादी तुझ्यापुढे कोणी लावली? आणि कशासाठी?’ ज्याला हा प्रश्न पडला, त्याचे मन अजून त्याचे आहे.